तारेचे चाक आणि भाराचे गणित

सायकलीच्या चाकाचा इतिहास बहुधा वेगाचा आणि शर्यतींचा इतिहास म्हणून लिहिला जातो, पण चाकाने किती भार पेलावा हा प्रश्न वेगाइतकाच जुना आहे. आज शंभर किलोंच्या पुढचे वजन असलेल्या माणसाने रोड सायकल, म्हणजे शर्यतीच्या घडणीची, अरुंद टायरांची आणि वाकड्या हँडलची सायकल घ्यायचे ठरवले, की तिची चाके टिकतील का, ही शंका सर्वप्रथम उपस्थित होते. या शंकेचे मूळ धातूच्या किंवा घडणीच्या उणिवेत फारसे नाही. गेल्या चार-पाच दशकांत चाक हलके करताना जो स्वार नजरेसमोर ठेवला गेला तो साठ-सत्तर किलोंचा शर्यतपटू होता, आणि त्याच्यासाठी घेतलेले निर्णय पुढे सर्वांनाच लागू झाले, हे त्याचे खरे कारण आहे.

बैलगाडीच्या चाकात तुंब्यापासून धावेपर्यंत लाकडी आरे बसवलेले असतात आणि गाडीचा भार जमिनीकडच्या आऱ्यांवर अक्षरशः उभा राहतो. आरा दाबला जातो आणि दाब सोसण्याइतका जाड असल्यामुळेच तो टिकतो. बारीक तारेला ताण सोसतो, दाब सोसत नाही, कारण दाब येताच ती वाकते. म्हणून तारेचे चाक करायचे तर सर्व तारा आधीच ओढून ताणलेल्या ठेवाव्या लागतात. ही कल्पना इंग्लंडमधील जॉर्ज केली यांनी 1808 मध्ये आपल्या टिपणवहीत मांडली होती. उडत्या यंत्राला लागणारी चाके शक्य तितकी हलकी असावीत हा त्यांचा हेतू होता. सायकल तेव्हा जन्मालाही आली नव्हती. 1817 मध्ये कार्ल फोन ड्राइस यांनी जर्मनीत पायाने ढकलण्याचे दुचाकी यंत्र रस्त्यावर आणले आणि 1860 च्या दशकात पॅरिसच्या मिशो यांच्या कारखान्यातून पुढच्या चाकाला पायटे बसवलेल्या सायकली बाहेर पडू लागल्या, तेव्हाही त्यांची चाके गाडीसारखीच लाकडी आणि लोखंडी धावेची होती. दगडी फरसबंदीवर ती इतकी हादरत की इंग्रजांनी या वाहनाला हाडे खिळखिळी करणारे यंत्र असेच नाव पाडले.

केली यांची कल्पना सायकलीत उतरली ती 1869 मध्ये, जेव्हा पॅरिसच्या यूजीन मेयर यांनी ताणलेल्या तारांच्या चाकाचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी कॉव्हेंट्री येथील जेम्स स्टार्ले आणि विल्यम हिलमन यांनी एरियल या सायकलीत तारेचे चाक वापरले. या चाकाच्या तारा हबपासून, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापासून, सरळ त्रिज्येच्या रेषेत रिमकडे जात आणि एका दांड्याने हब किंचित फिरवून त्या सर्वांना एकदम ताण दिला जाई. या रचनेतील उणीव लवकरच लक्षात आली. उंच चाकाच्या सायकलीत पायटे थेट हबलाच जोडलेले असल्यामुळे पायाचा सारा जोर हबला पिळत असे, आणि सरळ तारा हा पीळ रिमपर्यंत नीट पोहोचवू शकत नसत. 1874 मध्ये स्टार्ले यांनी स्पर्शरेषीय बांधणीचे पेटंट घेतले. या बांधणीत तारा हबच्या कडेला स्पर्श करून तिरप्या निघतात, निम्म्या पुढे आणि निम्म्या मागे झुकलेल्या असतात आणि वाटेत एकमेकींना छेदतात, त्यामुळे हब कोणत्याही दिशेने पिळला तरी तो पीळ तारांच्या ताणातच रूपांतरित होतो. दीडशे वर्षांनंतरही बहुतेक सायकलींची मागची चाके याच पद्धतीने विणली जातात.

जेम्स यांचे पुतणे जॉन केम्प स्टार्ले यांनी 1885 मध्ये रोव्हर ही सुरक्षित सायकल बाजारात आणली. साखळीने मागचे चाक फिरवणाऱ्या या सायकलीत दोन्ही चाके जवळजवळ सारख्या आकाराची होती. उंच चाकाची गरज संपली आणि लहान चाकातील आखूड तारांमुळे मजबुतीही वाढली. मात्र स्वाराची बैठक मागे सरकल्यामुळे निम्म्याहून अधिक भार मागच्या चाकावर पडू लागला, आणि साखळीचा जोरही त्याच चाकाला सोसावा लागला. तीन वर्षांनी, 1888 मध्ये, बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी हीच कल्पना चाळीसेक वर्षे आधी मांडली होती, पण तिला उपयोग सापडला तो आता. 1891 च्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस शर्यतीत शार्ल तेरों यांनी मिशलिनच्या काढता-घालता येणाऱ्या टायरांवर विजय मिळवला आणि भरीव रबराचे दिवस संपत आले. भाराच्या दृष्टीने या बदलाचे महत्त्व मोठे आहे, कारण हवेच्या टायरमुळे खड्ड्याचा धक्का रिम आणि तारांपर्यंत पोहोचण्याआधीच बराचसा विरतो. टायर जितका रुंद तितकी त्यात हवा अधिक, आणि तितकाच भार तो कमी दाबावर पेलू शकतो.

मागच्या चाकावर अधिक भार असेल तर त्यात अधिक तारा असाव्यात, हे इंग्रज कारखानदारांनी लवकर ओळखले. त्यांच्या सायकलींत पुढे 32 आणि मागे 40 तारा असत, तर युरोपखंडात आणि अमेरिकेत दोन्हीकडे 36 तारा ठेवण्याची पद्धत रूढ झाली. एकूण संख्या दोन्हीकडे 72 च होती, पण इंग्रजी वाटणी भाराच्या प्रत्यक्ष विभागणीला अधिक धरून होती. दोघांनी मिळून चालवायच्या टँडेम सायकलींसाठी 40 आणि 48 तारांची चाके बांधली जात. म्हणजे भार वाढला की तारा वाढवायच्या, हा नियम कारागिरांच्या अंगवळणी पडलेला होता.

इंग्रजी रोडस्टर सायकल, म्हणजे उंच, जड आणि सरळ बसून चालवायची सायकल, रॅले, बीएसए, हर्क्युलिस अशा नावांनी हिंदुस्थानात आली आणि तिच्याबरोबर 32 व 40 तारांची ही वाटणीही आली. मुंबईतील हिंद सायकल्स, मद्रासची टीआय, सोनपतची अ‍ॅटलस आणि लुधियानाची हीरो या कारखान्यांनी पुढे याच घडणीच्या सायकली लाखोंनी तयार केल्या. त्यांना 28 इंची पोलादी रिम, दीड इंची टायर आणि दांड्याचे ब्रेक असत. दुधाच्या किटल्या, पावाच्या पाट्या, मुंबईच्या डबेवाल्यांचे डबे आणि कॅरिअरवर डबलसीट बसलेला माणूस, असा मूळ आराखड्यापेक्षा कितीतरी अधिक भार या चाकांनी वर्षानुवर्षे वाहिला. रस्ते खराब असल्यामुळे चाक वाकडे होई, पण गावोगावच्या सायकल दुकानांत चाकाचा आऊट काढणारा, म्हणजे एकेक निपल फिरवून तारांचा ताण सारखा करणारा आणि चाक सरळ करणारा कारागीर सहज भेटे. या टिकाऊपणाचे श्रेय केवळ पोलादाच्या जाडीला देणे बरोबर नाही. तारांची संख्या, टायरची रुंदी आणि वेळच्या वेळी होणारी दुरुस्ती यांचा त्यात मोठा वाटा होता.

शर्यतीच्या सायकलीची वाट याच काळात वेगळी झाली. 1930 च्या दशकात लाकडी आणि पोलादी रिमांची जागा अ‍ॅल्युमिनिअमच्या मिश्रधातूने घ्यायला सुरुवात केली. मॅविक या फ्रेंच कंपनीच्या अशा रिमांवर आंतोनँ मान्य यांनी 1934 ची तूर द फ्रान्स जिंकली, असे सायकलविषयक इतिहासांत नोंदवलेले आढळते. त्याहून दूरगामी परिणाम गिअरचा झाला. मागच्या हबवर उजव्या बाजूला दातेरी चक्रे बसवायची म्हणजे हबची उजवी कड आत सरकवावी लागते, आणि चाक मध्यभागी राखण्यासाठी उजव्या तारा जवळजवळ उभ्या व फार ताणलेल्या, तर डाव्या तारा तिरप्या व सैल ठेवाव्या लागतात. चक्रे पाचावरून सहा, सात, आठ अशी वाढत गेली तशी मागच्या आसाची रुंदी 120 मिलिमीटरवरून 126 आणि पुढे 130 मिलिमीटर झाली, परंतु हा असमतोल मिटला नाही. सैल डाव्या तारा भाराखाली पूर्ण ढिल्या पडतात आणि त्यांचे निपल आपोआप फिरून चाक आऊट होते. जुन्या फ्रीव्हीलच्या रचनेत उजवे बेअरिंग चक्रांच्या आतल्या बाजूला असल्यामुळे आसाचा बराच भाग आधाराविना राही आणि जड स्वाराखाली आस वाकण्याच्या किंवा तुटण्याच्या घटना नेहमीच्या होत्या. शिमानोने 1978 मध्ये शर्यतीच्या सायकलींसाठी आणलेल्या फ्रीहबमध्ये हे बेअरिंग बाहेरच्या टोकाशी गेले, आणि वजनदार स्वाराची एक जुनी अडचण त्यामुळे बऱ्याच अंशी दूर झाली.

तार नेमकी का तुटते याचे सविस्तर स्पष्टीकरण अमेरिकन अभियंते जॉब्स्ट ब्रँट यांनी 1981 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द बायसिकल व्हील' या पुस्तकात मिळते. चाकावर भार आला की जमिनीकडच्या मोजक्या तारांचा ताण कमी होतो आणि इतर तारांवर फारसा परिणाम होत नाही, असे त्यांनी गणिताने आणि मोजमापाने दाखवले. याचा अर्थ प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार एकदा सैल आणि पुन्हा ताठ होते. रोड सायकलीच्या चाकाचा परीघ सुमारे 2.1 मीटर धरला तर एका किलोमीटरमध्ये असे पावणेपाचशेच्या आसपास फेरे होतात. तार एकाएकी अति ओढीने तुटत नाही, तर या लाखो आवर्तनांनी थकून तुटते, आणि तीही बहुधा हबजवळच्या वाकापाशी. भार जास्त म्हणजे प्रत्येक आवर्तनातील चढउतार मोठा. तारा जास्त म्हणजे तोच चढउतार अधिक तारांत वाटला गेलेला. टोकांना जाड आणि मध्ये बारीक केलेली तार सरसकट जाड तारेपेक्षा अधिक टिकते, कारण मधला बारीक भाग अधिक लवचिकपणे ताणला जातो आणि वाकावरचा भार हलका करतो. चाक बांधून झाल्यावर तारांच्या जोड्या हाताने जोरात दाबून त्यांतील अंतर्गत ताण काढून टाकण्याच्या रिवाजाचे शास्त्रीय कारणही ब्रँट यांनी याच पुस्तकात दिले आहे.

विरोधाभास असा की हे शास्त्र छापील रूपात उपलब्ध झाले त्याच सुमारास बाजार उलट दिशेने निघाला. 1980 च्या दशकात शर्यतीची चाके 36 वरून 32 आणि 28 तारांवर आली. 1990 च्या दशकात मॅविक, कॅम्पाग्नोलो, शिमानो यांसारख्या कंपन्या हब, तारा आणि रिम एकत्र आखून तयार चाके विकू लागल्या तेव्हा ही संख्या वीस आणि त्याहूनही खाली उतरली. हवेचा अडथळा कमी व्हावा आणि वजन घटावे हा त्यामागील हेतू होता. रिम खोल आणि ताठ केल्यामुळे कमी तारांनीही चाक उभे राहू शकले, ही अभियांत्रिकीची खरी कमाई होती. परंतु कमी तारांच्या चाकात प्रत्येक तारेवरील ताण फार मोठा असतो, रिमला तारेच्या भोकापाशी तडे जाण्याचा संभव वाढतो आणि एक तार तुटली तरी चाक इतके आऊट होते की ते चौकटीला घासू लागते. 36 तारांच्या चाकात एक तार तुटली तर स्वार बहुधा घरी पोहोचू शकतो. मॅविकने आपल्या रोड चाकांसाठी सायकलीसह 120 किलोंची मर्यादा सुचवली, म्हणजे सायकल आणि सामान वजा जाता स्वाराच्या वाट्याला 110 किलोंच्या आतबाहेरच उरतात.

एकविसाव्या शतकातील दोन बदलांनी मात्र वजनदार स्वाराला अनुकूल वळण घेतले. पहिला बदल डिस्क ब्रेकचा, ज्याला आंतरराष्ट्रीय सायकल संघाने रस्त्यावरील शर्यतींत 2018 मध्ये कायमची मुभा दिली. रिमवर घासणाऱ्या ब्रेकमुळे रिमची भिंत झिजते आणि लांब उतारावर ती तापते. स्वार जितका जड तितकी ही उष्णता अधिक, आणि कार्बनच्या रिमला ती विशेष घातक असते. डिस्कमुळे हे ओझे रिमवरून उतरले, पण ब्रेकचा पीळ पुन्हा हबमधून जाऊ लागला, म्हणून पुढच्या चाकालाही सरळ तारा सोडून 1874 ची तिरपी, छेदणारी बांधणी स्वीकारावी लागली आणि तारांची संख्याही पुन्हा 24, 28 अशी वर सरकली. दुसरा बदल टायरचा: 23 मिलिमीटरची जागा 28 आणि 32 मिलिमीटरच्या टायरांनी घेतली, कारण खडबडीत रस्त्यावर कमी दाबाचा रुंद टायर अधिक सुलभतेने धावतो हे शर्यतपटूंनीही मान्य केले.

या इतिहासातून निघणारा निर्णय साधा आहे. शंभर किलोंच्या पुढच्या स्वाराने मागे 32 किंवा 36 तारांचे, तीन छेदांत विणलेले, मध्ये बारीक केलेल्या स्टेनलेस तारांचे चाक घ्यावे. पुढे 28 किंवा 32 तारा पुरतात. रिम मध्यम खोलीची, रुंद आणि मिश्रधातूची असावी, टायर चौकटीत मावेल तितका रुंद, निदान 28 मिलिमीटरचा असावा, आणि निर्मात्याने दिलेली भारमर्यादा सायकल व सामान धरून मोजावी. चाक जाणत्या कारागिराने हाताने बांधलेले असावे किंवा त्याच्याकडून ताण तपासून घेतलेले असावे, आणि पहिल्या काही शे किलोमीटरनंतर ते पुन्हा एकदा तपासून घ्यावे. अशा चाकाला पडणारे दोन-तीनशे ग्रॅमचे जादा वजन शंभर किलोंच्या स्वाराच्या हिशेबात नगण्य आहे. वाटेत तुटलेली तार मात्र नगण्य नसते.