हॅलोविनच्या संध्याकाळी मुलांना संतांची ओळख

ऑक्टोबरच्या अखेरीस दुकानांतून भुताचे मुखवटे आणि प्लॅस्टिकचे भोपळे दिसू लागतात. पूर्वप्राथमिक शाळा, मॉल आणि मोठी गृहसंकुले यांतून हॅलोविन आता महानगरांच्या उपनगरांतही पोहोचले आहे. कल्याणपलीकडील शहाडसारख्या औद्योगिक वस्तीत ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली असतात. तेथील ख्रिस्ती पालकांपुढे मग एक प्रश्न उभा राहतो : मित्रांबरोबर मुखवटा घालून फिरू इच्छिणाऱ्या मुलाला नुसते 'नको' म्हणावे, की त्याच्या हाती दुसरे काही द्यावे?

नाव ख्रिस्तीच

'हॅलोविन' हा शब्द मुळात ख्रिस्ती पंचांगातील आहे. जुन्या इंग्रजीत 'हॅलो' म्हणजे संत. १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या ती हॅलोविन. पश्चिम युरोपात नवव्या शतकात ही तारीख सर्वत्र रूढ झाली. २ नोव्हेंबरचा मृतांचा स्मरणदिन फ्रान्समधील क्लूनी मठाचे प्रमुख संत ओदिलो यांच्या पुढाकाराने अकराव्या शतकाच्या सुमारास पसरला. आयर्लंड व स्कॉटलंडमधील हिवाळ्याच्या आरंभीच्या लोकप्रथा या सणाभोवती गुंफल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकात आयरिश स्थलांतरितांबरोबर त्या अमेरिकेत गेल्या आणि कोरलेल्या सलगमाची जागा भोपळ्याने घेतली.

म्हणूनच सर्व ख्रिस्ती लोक हॅलोविनला सारखाच विरोध करीत नाहीत. काहींना तो निरुपद्रवी खेळ वाटतो, तर काहींना भुताखेतांचे कौतुक श्रद्धेशी विसंगत वाटते.

पर्यायांचे प्रकार

पॅरिस धर्मप्रांताने २००२ मध्ये ३१ ऑक्टोबरला 'होलीविन्स' हा उपक्रम सुरू केला. 'पावित्र्य जिंकते' असा त्या शब्दखेळाचा अर्थ. पुढे अनेक देशांतील कॅथलिक धर्मग्रामांनी तो स्वीकारला. यात मुले भुतांऐवजी संतांच्या वेशात येतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये संतांची मध्यस्थी मागण्याची प्रथा नसल्याने तेथे दावीद, एस्तेर, नोहा अशी बायबलमधील पात्रे निवडली जातात. मार्टिन ल्यूथर यांनी आपले ९५ प्रबंध ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मांडले. त्यामुळे काही मंडळ्या याच तारखेला धर्मसुधारणा दिन पाळतात. अमेरिकेतील अनेक चर्चमध्ये या सुमारास सुगीचा उत्सव भरवून खेळ व खाऊ ठेवला जातो.

जवळचे संत

शहाड-कल्याण परिसरातील मुलांसाठी दूरच्या युरोपात पाहण्याची गरज नाही. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकात वसईत झाला. २०१४ मध्ये पालघर जिल्हा होईपर्यंत वसई ठाणे जिल्ह्यातच होती. जपानमध्ये व्यापार केल्यावर ते फ्रान्सिस्कन संघात बंधू झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सहकाऱ्यांसह त्यांना क्रुसावर मारण्यात आले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत होत.

गोव्यात जन्मलेले आणि श्रीलंकेत सेवा केलेले जोसेफ वाझ २०१५ मध्ये, मदर तेरेसा २०१६ मध्ये संत घोषित झाल्या. २००६ मध्ये पंधराव्या वर्षी निधन पावलेला आणि संगणकाची आवड असलेला इटलीचा कार्लो अकुटिस ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत घोषित झाला. त्याच्या वेशासाठी जीन्स, टी-शर्ट आणि पाठीवरची सॅक पुरते. मदर तेरेसांसाठी निळ्या काठाची पांढरी साडी, तर गोन्सालोसाठी तपकिरी झगा आणि कमरेला दोरी पुरेशी आहे.

कार्यक्रम कसा असावा

दीड तासाची संध्याकाळ पुरे. प्रत्येक मुलाने आपल्या संताविषयी तीन-चार वाक्ये सांगावीत, मग 'ओळखा मी कोण?' हा खेळ, मेणबत्त्या लावून छोटी प्रार्थना आणि शेवटी खाऊ. हौतात्म्याच्या कथा लहान मुलांना रक्ताच्या वर्णनाविना सांगाव्यात. हॅलोविनला जाणारी मुले वाईट आहेत, असेही शिकवू नये. सैतानाची भीती घालून भुतांची भीती जात नाही. शेजारच्या अन्य धर्मीय मुलांना यायचे असल्यास त्यांच्या पालकांना कार्यक्रमाचे स्वरूप आधी स्पष्ट सांगून संमती घ्यावी.

दोन नोव्हेंबर विसरू नये

हॅलोविनमध्ये मृत्यू हा गमतीचा विषय होतो. भुतांच्या जागी केवळ चॉकलेटे वाटली, तर मुलाच्या मनातील मृत्यूविषयीचा प्रश्न तसाच राहतो. २ नोव्हेंबरला कुटुंबे दफनभूमीत जाऊन कबरी स्वच्छ करतात, फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. पितृपक्षात पूर्वजांचे स्मरण करणाऱ्या शेजाऱ्यांनाही ही भावना परकी वाटणार नाही. हॅलोविनच्या संध्याकाळी संत झालेल्या मुलाला आजोबांच्या कबरीवर स्वतःच्या हाताने मेणबत्ती लावू द्यावी. दफनभूमी ही घाबरण्याची जागा नसून आपली माणसे विसावलेली जागा आहे, हे त्याला तेथे उमजते.