शल्यगृहातील विसावा

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज इस्पितळात २१ डिसेंबर १८४६ रोजी रॉबर्ट लिस्टन या शल्यविशारदाने ईथरने बेशुद्ध केलेल्या एका रुग्णाचा पाय मांडीतून अर्ध्या मिनिटाच्या आत कापून वेगळा केला, तेव्हा ज्या घाईची त्याच्या हाताला आयुष्यभर सवय जडली होती तिचे प्रयोजनच त्या दिवशी संपले होते. भूल नव्हती तोवर शीघ्रता हीच शल्यकर्त्याची दया होती. रोगी शुद्धीवर, माणसांनी दाबून धरलेला, आणि जाणारा प्रत्येक क्षण त्याच्या यातनेत भर घालणारा, अशा स्थितीत विसाव्याचा विचार मनात येणे हेही क्रौर्य ठरले असते.

भुलीने ही मुदत वाढवून दिली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात विल्यम हॉल्स्टेड याने एकेक रक्तवाहिनी बांधीत, शरीराला कमीत कमी इजा होऊ देत, सावकाश शस्त्रक्रिया करण्याचा संप्रदाय घालून दिला, आणि मिनिटांचे काम तासांवर गेले. परंतु टेबलापासून हलायचे नाही हा जुना शिरस्ता मात्र तसाच राहिला. रुग्णाच्या वेदनेपोटी जन्मलेली ही सहनशक्ती, वेदना गेल्यावर, शल्यकर्त्याच्या कर्तबगारीची खूण होऊन बसली.

विटा रचण्याच्या कामातून हालचालींच्या अभ्यासाकडे वळलेला अमेरिकन फ्रँक गिलब्रेथ याने १९१० नंतरच्या दशकात शस्त्रक्रियांचे चित्रपट घेतले, हत्यारे शोधण्यात शल्यकर्त्याचा किती वेळ जातो हे दाखवून दिले, आणि मागितलेले हत्यार परिचारिकेने त्याच्या पसरलेल्या तळहातावर ठेवावे अशी तजवीज सुचवली. त्याच गिलब्रेथने पत्नी लिलियन हिच्यासह १९१६ साली थकव्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून, कामगारांना कामाच्या मध्येच विश्रांती दिली पाहिजे, असे कळकळीने प्रतिपादले. शल्यगृहाने हत्यारांची सूचना घेतली. विश्रांतीची उंबऱ्याबाहेरच ठेवली. या दुर्लक्षाची किंमत शल्यकर्त्यांच्या कित्येक पिढ्यांनी पाठीने आणि मानेने चुकवली असावी, असे मला वाटते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने तो भार आणखी वाढवला. जर्मनीत एरिख म्यूहे याने १९८५ साली या पद्धतीने पित्ताशय काढले, आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उदवाडिया यांनी १९९० मध्ये ती भारतात आणली. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते तंबूसारखे ताणायचे, बारीक छिद्रांतून लांब दांड्यांची हत्यारे आत घालायची, आणि खांदे उचललेले, नजर पडद्यावर खिळलेली, अशा अवस्थेत तासन्‌तास उभे राहायचे. उघड्या शस्त्रक्रियेत अंग निदान इकडेतिकडे वळते. येथे तेही थांबते. रुग्णाची जखम लहान झाली, तिचे ओझे शल्यकर्त्याच्या मानेवर आले.

जर्मनीतीलच हानोव्हरच्या वैद्यकीय विद्यापीठात कार्स्टन एंगेलमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या अशा ५१ शस्त्रक्रिया चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटल्या. एका गटात अखंड काम, दुसऱ्यात दर २५ मिनिटांनी ५ मिनिटे विसावा, आणि तेवढा वेळ मुलाच्या पोटातला वायूही सोडून दिलेला. २०११ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. विसावा घेणाऱ्यांच्या अंगातील कॉर्टिसॉल हे ताणाचे द्रव्य सुमारे २२ टक्क्यांनी कमी भरले, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या एकाग्रतेच्या कसोटीत त्यांच्या चुकाही कमी वाढल्या. ज्या भयाने आजवर कोणी थांबत नव्हते ते भयही निराधार ठरले, कारण शस्त्रक्रियेचा एकूण वेळ वाढलाच नाही.

अमेरिकेतील चार वैद्यकीय केंद्रांत पुढे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हा विसावा दीडदोन मिनिटांवर आणला गेला. वीस ते चाळीस मिनिटांनी हत्यारे खाली ठेवायची, निर्जंतुक वस्त्रे न बदलता, टेबलापासून दूर न जाता, मान हळूच वळवायची, खांदे मागे घ्यायचे, मनगटे आणि बोटे ताणायची, पायांच्या घोट्यांना जरा चालना द्यायची. मग पसरलेल्या तळहातावर परिचारिका पुन्हा हत्यार ठेवते.