‘ओफिस्’ व ‘द्राकोन्’: दोन ग्रीक सर्पवाचक शब्द

ख्रिस्ती धर्मग्रंथांत सैतानास सर्प म्हटलें आहे, सबब नागपूजा ही सैतानपूजाच होय, असा आक्षेप कधीं कधीं ऐकूं येतो. नाग नदीच्या कांठीं वसलेल्या आमच्या नागपुरांत त्याचा विचार होणें अगत्याचें आहे. मूळ ग्रीक शब्दांवर हा आक्षेप कितपत टिकतो, एवढेंच आम्ही येथें पाहणार आहों.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथें हिब्रू पंचग्रंथाचें ग्रीक भाषांतर झालें. त्यांत एदेन बागेंतील सर्पास ‘ओफिस्’ म्हटलें असून ‘फ्रोनिमोस्’ म्हणजे शहाणा, या शब्दाचें तमभाववाचक रूप त्यास लाविलें आहे. मोशेनें अरण्यांत उभारिलेला पितळी सर्पहि ‘ओफिस्’च, त्याकडे पाहणारा सर्पदष्ट वांचत असे. योहानाच्या शुभवर्तमानांत (३.१४) याच सर्पाचा दृष्टांत ख्रिस्ताच्या उंच केलें जाण्यास दिला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानांत (१०.१६) शिष्यांनीं सर्पांसारखें शहाणें व्हावें असा उपदेश असून तेथें ‘ओफिस्’ व ‘फ्रोनिमोस्’ पुन्हां एकत्र येतात. अर्थात् शब्द केवळ प्राणिवाचक आहे; गुणदोष प्रसंगानें येतात.

सैतानाशीं ऐक्य स्पष्ट सांगितलें आहे तें प्रकटीकरणाच्या १२ व्या अध्यायांत. तेथें मुख्य शब्द ‘द्राकोन्’ असून त्यासच पुरातन ‘ओफिस्’ म्हटलें आहे. ‘द्राकोन्’ हा सामान्यतः ‘देर्कोमाइ’ (पाहणें) या धातूपासून साधितात. हा धातु संस्कृत ‘दृश्’ धातूचा सगोत्र. ‘ददर्श’ व ‘देदोर्का’ हीं रूपें शेजारीं ठेविलीं म्हणजे नातें उघड होतें. प्रचलित मराठी भाषांतरांत येथें ‘अजगर’, म्हणजे बोकड गिळणारा, हा शब्द आहे. ग्रीक शब्दांत डोळा, मराठींत जबडा! परंतु त्याच अध्यायांत हा ‘द्राकोन्’ जन्मणाऱ्या बालकास गिळण्यास टपलेला असल्यानें ‘अजगर’ प्रसंगास शोभतो. पूज्य असा ‘नाग’ शब्द तेथें योजिलेला नाहीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

राजा हिज्कीयानें तो पितळी सर्प फोडून टाकिला, हें खरें. परंतु लोक त्यापुढें धूप जाळीत, म्हणून. म्हणजे ग्रंथाचा निषेध मूर्तिपूजेस आहे, सर्पजातीस नव्हे. मूर्तिपूजेविषयीं मतभेद असेल. तो त्याच नांवानें मांडावा.

शब्दसाम्यावरून विषयैक्य मानणें धोक्याचें असतें. वाकाटकांच्या ताम्रपटांत पहिला रुद्रसेन हा भारशिवांच्या भवनाग महाराजाचा दौहित्र म्हटला आहे. म्हणून त्यास कोणी सर्पाचा नातू समजत नाहीं.