फ्रॅजाइल एक्स आणि स्वमग्नता

फ्रॅजाइल एक्स : एक्स गुणसूत्रावरील एफएमआर-१ या जनुकातील बदलामुळे होणारा आनुवंशिक विकार. या जनुकात सीजीजी हा तीन अक्षरांचा तुकडा पुन्हापुन्हा येतो. या पुनरावृत्तींची संख्या २०० च्या पुढे गेली की जनुक बंद पडते आणि मेंदूतील पेशींच्या जोडण्यांना लागणारे प्रथिन तयार होत नाही. हा विकार असलेल्या एका कुटुंबाची नोंद मार्टिन आणि बेल यांनी १९४३ मध्येच केली होती; जनुक सापडले १९९१ मध्ये.

हा विकार असलेल्या मुलग्यांपैकी साधारण निम्म्यांत स्वमग्नतेचे निकष पूर्ण होतात, मुलींत कमी. मात्र ही स्वमग्नता जरा वेगळी दिसते. पाहुणा आला की मुलगा हात पुढे करतो, तोंडाने काही बोलतोही, पण मान आणि खांदे दुसरीकडे वळलेले असतात. त्याला माणसे नको असतात असे नाही. समोरची नजर त्याला सोसत नाही. त्याला माणूसघाणा म्हणणे अन्यायाचे आहे. हात फडफडवणे, तेच वाक्य घोकणे, गोंगाटाने कावरेबावरे होणे हेही आढळते.

नेहमीच्या गुणसूत्र-तपासणीत हा दोष खात्रीने दिसत नाही. त्यासाठी डीएनएची स्वतंत्र चाचणी लागते. आईत ५५ ते २०० पुनरावृत्ती असतील, तर तिच्यात बौद्धिक अडचण सहसा नसते, पण पुढच्या पिढीत संख्या वाढू शकते. तिच्या बहिणीतही हा बदल असू शकतो, म्हणून चाचणीचा निकाल मावशीच्या घरीही कळवावा.