शेतांतून चालत आलेला वाघ

१/ डिसेंबर २०१९. बुलढाणा व खामगाव यांच्या दरम्यान पसरलेल्या ज्ञानगंगा अभयारण्यात एक तरुण वाघ दाखल झाला. अस्वले आणि बिबटे यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या २०५ चौरस किलोमीटरच्या रानात तेव्हा दुसरा वाघ नव्हता.

२/ त्याचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवण्यात आली आणि जूनमध्ये त्याने जन्मस्थान सोडले. आदिलाबाद, हिंगोली असा फेरा घेत त्याने १,३०० किलोमीटरहून अधिक अंतर कापले.

३/ वाटेत सलग जंगल नव्हते. होती शिवारे, नाले, रस्ते आणि गावे. दिवसा तो झुडपांत दडून राही, रात्री चाले. रानडुकरे व गुरे मारून त्याने पोट भरले. माणूस एकही मारला नाही. एक जण जखमी झाला, तोही वाघ विसावलेल्या झुडपात शिरल्याने.

४/ गावाजवळ वाघ दिसला की तो माणसावर उठला, असा समज होतो. वास्तविक वयात आलेला नर स्वतःची हद्द, भक्ष्य आणि जोडीदार शोधत निघतो.

५/ बांधापाशी जंगल संपते, ही रेघ माणसाने आखलेली. या वाघाला टिपेश्वरहून ज्ञानगंगेपर्यंत आणले ते शेतांमधल्या नाल्यांनी आणि झुडपांनी. ती उरली, तरच पुढच्या वाघाला वाट उरेल.