दोन यंत्रांमधील जागा

यंत्रांचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा तीन गोष्टी सांगतात: यंत्र कोणी शोधून काढले, कोणत्या साली काढले आणि त्यामुळे काम किती पटीने वाढले. यंत्र आले म्हणजे माणसाचा हात गेला, असा सरळ हिशेब त्यांच्या मनात असतो. परंतु कारखान्यात यंत्र कधीच एकटे नसते. तेथे यंत्रांची मालिका असते. एका यंत्रातून निघालेला माल दुसऱ्यापर्यंत नेणारे, तो उलगडणारे, निवडणारे, बांधणारे आणि त्यावर खूण उमटविणारे हात त्या मालिकेच्या सांध्यांवर उभे असतात. मालिकेतील एखादे यंत्र वेगवान झाले की त्याच्या शेजारच्या सांध्यावर कामाची गर्दी होते. तो सांधा कोणी व किती मजुरीवर भरून काढला, हे पाहिल्यावाचून यंत्रयुगाचा हिशेब पुरा होत नाही, असे आम्हांस वाटते. नागपूरच्या कापूसधंद्याचा दीडशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने तपासून पाहण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

रेल्वे येण्यापूर्वी या प्रांतातील कापसाचा व्यवहार घरोघर चाले. हिंगणघाटकडची ‘बनी’ जात तिच्या तंतूच्या गुणामुळे दूरवर नावाजलेली होती. सरकी काढण्याचे काम हातचरकीवर, सूत काढण्याचे काम चरख्यावर, आणि ही दोन्ही कामे मुख्यतः बायकांच्या हातची होती. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध चालले, त्यामुळे लँकेशायरला मिळणारा तिकडचा कापूस आटला आणि इंग्लंडची दृष्टी मध्यप्रांत-वऱ्हाडाकडे वळली. १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला. कापसाच्या व्यापारावर देखरेख करण्यासाठी रिव्हेट-कार्नाक या अधिकाऱ्याची ‘कॉटन कमिशनर’ म्हणून नेमणूक झाली होती.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. या भागात वाफेचे यंत्र कापसाच्या धंद्यात शिरले ते सूत कातण्याच्या वाटेने नव्हे. ते शिरले गाठ बांधण्याच्या, म्हणजे आजच्या भाषेत वेष्टनाच्या वाटेने. रुई हलकी, पण जागा फार अडविणारी. आगगाडीच्या डब्यात आणि जहाजाच्या पोटात ती कोंबावयाची तर प्रथम तिला दाबून घट्ट केली पाहिजे. म्हणून दाबयंत्रे, ज्यांना लोक ‘प्रेस’ म्हणू लागले, ती आधी आली आणि मोठी गिरणी मागाहून आली. मालाचे रूप ठरविण्यात कातणाऱ्याइतकाच वाहतूक करणाऱ्याचा हात असतो, हे नागपूरने तेव्हाच पाहिले होते.

पुढे जमशेटजी टाटा यांनी १८७४ साली ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन केली आणि नागपूरच्या स्टेशनानजीक, जुम्मा तलावाच्या बाजूची दलदलीची जमीन भरून काढून तीवर गिरणी उभारली. एका मारवाडी सावकाराने या उद्योगास पैसा देण्याचे नाकारले आणि हा मनुष्य जमिनीत सोने पुरीत आहे असे म्हटले. पुढे त्यानेच कबूल केले की, या माणसाने जमिनीत माती टाकली आणि सोने बाहेर काढले. ही आख्यायिका जमशेटजींच्या चरित्रकारांनी जपून ठेवलेली आहे. १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिला ‘एम्प्रेस’ हे नाव पडले. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई हे मूळचे रेल्वेच्या मालखात्यातले. सूतकामाची माहिती नसतानाही जमशेटजींनी त्यांची निवड केली. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी या इंग्रज तंत्रज्ञाकडे होती.

या गिरणीचे नाव यंत्रांच्या इतिहासात राहिले ते ‘रिंग’ चात्यामुळे. त्याचे महत्त्व समजण्यासाठी आधीची यंत्रे कशी चालत ते थोडक्यात पाहू. क्रॉम्प्टनने १७७९ साली काढलेल्या ‘म्यूल’ यंत्रात चात्यांचा गाडा पुढे जाऊन तंतू ताणी व त्यास पीळ देई. मग गाडा मागे येताना तयार झालेले सूत गुंडाळले जाई. पिळणे आणि गुंडाळणे ही कामे अशी आळीपाळीने होत. हे यंत्र हाताळण्यास कसलेला कातारी लागे, आणि कातारी संपावर गेले की मालकाचे हात बांधले जात. १८२४ च्या सुमारास अशाच संपाने त्रासलेल्या मालकांनी रिचर्ड रॉबर्ट्स या यंत्रकारास गळ घातली आणि त्याने १८२५ साली आपोआप चालणाऱ्या म्यूलचा हक्क नोंदविला. आपोआप चालणाऱ्या यंत्राच्या जन्मास नुसते कुतूहल कारण झाले नाही, मालक-मजुरांचे भांडणही कारण झाले, हे येथे नमूद करून ठेवले पाहिजे.

रिंगची कल्पना अमेरिकेतील जॉन थॉर्प याने १८२८ साली मांडली. चात्याभोवती एक कडे; त्या कड्यावर धावणारी एक लहानशी तारेची आकडी; तिच्यातून सूत ओवलेले. चाते फिरले की आकडी त्यामागे धावते, सुतास पीळ बसतो आणि त्याच क्षणी ते गुंडाळलेही जाते. थांबणे नाही, मागे येणे नाही. परंतु फार वेगाने फिरताना चाते थरथरे. १८७० नंतरच्या दशकात सॉयर, रॅबेथ प्रभृती अमेरिकन कारागिरांनी ती थरथर आवरली, आणि मगच रिंग व्यवहारात उपयोगी पडू लागली. लँकेशायरचा म्यूलवर विश्वास होता. कसबी कातारी तेथे होते, बारीक सूत म्यूलवर चांगले निघे, आणि घातलेले भांडवल मोडीत काढण्यास कोणाचे मन धजत नव्हते. १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच नागपूरच्या गिरणीने हे नवे चाते आणवून, प्रथम थोड्या प्रमाणावर चालवून पाहिले आणि मग सरसकट स्वीकारले. इंग्लंडच्या पुष्कळ गिरण्या बिचकत होत्या तेव्हा मध्य हिंदुस्थानातील एका गिरणीने हे धाडस केले, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. रिंग अखंड चाले, पण तिच्यावरील कांड्या भरत आणि भरलेल्या कांड्या काढून रिकाम्या बसविण्याचे काम रिंगला येत नसे. चाते जितके वेगाने फिरे तितकी ही अदलाबदल लवकर करावी लागे. ते काम गिरण्यांतून लहान मुलांकडे आले. त्यांस ‘डाफर’ म्हणत. बोटे बारीक, अंग चपळ आणि मजुरी थोडी, ही त्यांची पात्रता! १८८१ च्या कारखाने कायद्याने सात वर्षांखालील मुलांस मज्जाव केला आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांस दिवसाचे नऊ तास ठरविले. १८९१ साली ही किमान मर्यादा नऊ वर्षांवर गेली, आणि १९२२ साली बारा वर्षांवर. जगातील अत्यंत प्रगत चाते आणि नऊ वर्षांचा मुलगा हे दोघे एका यंत्राचे दोन भाग म्हणून शेजारी शेजारी काम करीत होते. पुढे कांड्यांवरचे सूत उकलून गुंडाळण्याचे वाइंडिंग व रीलिंगचे काम आले. ते गिरण्यांतून बायकांच्या वाट्यास जाई, आणि त्यांची मजुरी मागावरील पुरुषांहून कमी असे.

त्यानंतरचा सांधा म्हणजे बांधणी आणि खूण. सुताचे पुडे दाबून बांधावयाचे, कापडाचे ताके घड्या घालून रचावयाचे, आणि प्रत्येकावर गिरणीची छाप व रंगीत चित्राचे तिकीट लावावयाचे. गिऱ्हाइकास अक्षरे वाचता येत नसली तरी चित्र ओळखता येई. खेड्यातील विणकर सुताचा नंबर सांगण्याऐवजी तिकिटावरील देवाचे वा प्राण्याचे नाव सांगून पुडा मागे. तिकीट म्हणजे गिरणीने दिलेला शब्दच. हा शब्द खोटा ठरू नये म्हणून १८८९ च्या व्यापारचिन्हांच्या कायद्याने कापडावर वारांची लांबी छापण्याची सक्ती आली. सूत काढणारे यंत्र एकीकडे मिनिटास हजारो फेरे घेत होते. त्याच मालावर तिकीट डकविणारा हात मात्र खळीच्या भांड्यात बोटे बुडवून एकेक पुडा हाताळीत होता.

गिरणीपेक्षाही ही विसंगती रेच्यात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, अधिक उघडी दिसे. मॅकार्थीच्या धर्तीचे रूळ वाफेवर फिरत, परंतु त्यांच्यापुढे कापूस पसरण्यास, सरकी दूर लोटण्यास, पाट्या डोक्यावर वाहण्यास बायका असत. प्रेसच्या पेटीत रुई भरताना गडी ती पायांनी तुडवीत. १८८१ चा कायदा वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागूच नव्हता. हंगामी कारखाने त्याच्या कक्षेत आले ते १९११ च्या कायद्याने. तोवर हंगामाची रात्र किती लांबवावी हे कारखानदाराच्या मर्जीवर होते. मालाच्या खुणेबाबतही तेच. रुईत पाणी मारणे, हलकी रुई मिसळणे, हे व्यापारातले जुने दुखणे होते. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक उमटविणे बंधनकारक केले, तेव्हा कोठे लिव्हरपुलात उकललेल्या गाठीचा जबाब वऱ्हाडातील प्रेसवाल्यास देणे भाग पडले. कापसाची लबाडी शोधून काढण्यास कायदा लवकर धावला नाही. माणसाच्या तासांकडे पाहण्यास त्याहून थोडा आधी धावला, एवढेच समाधान!

एम्प्रेस गिरणीच्या चालकांस न्याय देण्यासाठी हेही सांगितले पाहिजे की, मजुरास गिरणीत टिकवून धरावयाचे तर त्यास उद्याची काही शाश्वती दिली पाहिजे, हे त्यांनी फार लवकर ओळखले. हवा खेळती व दमट ठेवण्याची योजना, आग लागताच आपोआप पाणी सोडणारे नळ, १८८६ सालचा पेन्शन फंड, १९०१ सालचा प्रॉव्हिडंट फंड, या गोष्टी सक्तीचा कायदा येण्याच्या कितीतरी आधीच्या आहेत. यात केवळ भूतदया नव्हती, व्यवहारही होता. पण व्यवहाराने माणसाचे हित साधत असेल तर त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. शिवाय तो काळ वाढीचा होता. एका खात्यात यंत्राने हात मोकळे केले तर नव्या खात्यात त्यांस जागा मिळे.

वाढ थांबली की हा मेळ बिघडतो. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांनी एका कामगाराकडे रिंगची एक बाजू होती तेथे दोन बाजू आणि दोन माग होते तेथे तीन माग देण्याचा घाट घातला, तेव्हा सहा महिने चाललेला संप झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२९ च्या अखेरीस, ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली नागपुरास भरले आणि मजुरांची चौकशी करण्यास नेमलेल्या राजकमिशनशी सहकार करावा की नाही, या वादावरून संघटना दुभंगली. पुढे १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक व कामगार या तिघांनी मिळून तत्त्व मान्य केले की, नव्या यंत्राने चालू कामगार काढला जाऊ नये आणि होणाऱ्या फायद्यात तिघांचाही वाटा असावा: मालकाचा, कामगाराचा आणि समाजाचा. तत्त्व उत्तम होते. परंतु ज्या गिरण्यांनी यंत्रेच बदलली नाहीत त्यांच्या कामगारांस या तत्त्वाचा काय उपयोग? जुनी यंत्रसामग्री आणि यंत्रमागांची स्पर्धा यांपुढे संयुक्त गिरण्या देशभर खचत गेल्या. एम्प्रेस गिरणी १९८६ साली राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. नवे चाते इतरांआधी लावून पाहणारी गिरणी अखेर जुन्या यंत्रांची गिरणी म्हणून मिटली, ही गोष्ट यंत्रास नुसता विरोध करणारांनीही ध्यानात धरावी.

रेच्यांकडे मात्र यंत्र पुन्हा वळले. भारतीय रुईत सुतळी, केस, कापडाच्या चिंध्या फार सापडतात, अशी परदेशी गिरण्यांची तक्रार होती. २००० साली केंद्र सरकारने कापसाचे ‘टेक्नॉलॉजी मिशन’ सुरू केले आणि त्याच्या एका अंगाने शेकडो जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचे नूतनीकरण झाले. आता कापूस वाऱ्याच्या नळीतून व सरकत्या पट्ट्यावरून जातो, रुळांस आपोआप भरविला जातो, रुई तुडविण्यास पाय लागत नाहीत, आणि १७० किलोच्या गाठीवर यंत्राने वाचता येईल अशी खूण लागते. २०२० साली जाहीर झालेल्या ‘कस्तुरी’ या नावाच्या रुईस तर गाठीपासून मूळ कारखान्यापर्यंत माग काढता यावा अशी योजना आहे. ही यंत्रे बनविणारे कारखाने नागपुरातच आहेत आणि येथील यंत्रे परदेशी जातात. डाफराचे काम नवी रिंग स्वतःच करते. तिकीट डकविण्यास खळ लागत नाही. आम्ही ज्यांस सांधे म्हटले ते एकामागून एक बुजत चालले आहेत.

बाईच्या डोक्यावरची पाटी उतरली, तिच्या छातीत जाणारा कापसाचा फुफाटा कमी झाला, याचा आनंद मानलाच पाहिजे. ते काम जपून ठेवण्याजोगे नव्हते. परंतु पाटीबरोबर हंगामाची मजुरीही उतरली, आणि ती बाई कोणत्याही पेन्शन फंडाच्या वहीत नव्हती. कारण जी जागा यंत्रांच्या मधली, ती कायद्यांच्याही मधलीच राहिली होती. गाठीवर प्रेसचे नाव आले, अनुक्रमांक आला, कारखान्याचा पत्ता आला. गाठ कोठून आली हे सांगण्याची व्यवस्था आपण इतकी चोख केली. तिच्या बांधणीतून सुटलेले हात कोठे गेले, हे सांगणारी एखादी वही त्याच कारखान्यात ठेवणे अशक्य नाही. १९५७ चे तत्त्व कागदावरून उतरवावयाचे असेल तर त्याचा आरंभ, आमच्या मते, त्या वहीपासून व्हावा.