मनोरुग्णालयात दाखल करताना संमती कोणाची?

लोणावळा, कामशेत किंवा वडगाव मावळच्या एखाद्या घरातील तरुण मुलगा रात्र रात्र जागू लागतो, कानात आवाज येतात म्हणतो, जेवणात विष कालवल्याचा संशय घेतो आणि डॉक्टरांचे नाव काढताच खवळतो. शेजारी सल्ला देतात, ‘येरवड्याला नेऊन टाका.’ हे ‘टाकणे’ आता कायद्याला मान्य नाही.

येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय हे राज्यातील चार जुन्या सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक. ठाणे, नागपूर व रत्नागिरी ही अन्य तीन. ब्रिटिश अमदानीतील १९१२ च्या कायद्याखाली दंडाधिकाऱ्याचा हुकूम हाच तेथील मुख्य दरवाजा होता. १९८७ च्या कायद्यानेही ती वाट बव्हंशी कायम ठेवली. २०१८ मध्ये अंमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने मात्र क्रम बदलला. रुग्णाची स्वतःची संमती हा नियम ठरला, संमतीविना दाखल करणे हा अपवाद.

स्वेच्छेने दाखल झालेल्या प्रौढ रुग्णास ‘स्वतंत्र रुग्ण’ म्हणतात. त्याच्या संमतीवाचून उपचार करता येत नाहीत आणि त्याने मागणी केल्यास त्याला घरी सोडावे लागते. प्रकृती धोक्याची वाटल्यास तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येते.

खरी अडचण स्किझोफ्रेनियासारख्या आजारात येते. आपण आजारी आहोत, ही जाणीवच अनेकदा हरपलेली असते. अशा वेळी ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ अर्ज करू शकतो. दाखल करण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत दोघांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासावे लागते. त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ असणे बंधनकारक आहे. रुग्णाने अलीकडे स्वतःला इजा करण्याची धमकी दिली वा तसा प्रयत्न केला, इतरांवर हिंसा केली किंवा स्वतःची काळजी घेणेच त्याला अशक्य होऊन जिवाला धोका निर्माण झाला, यांपैकी काहीतरी आढळले पाहिजे. केवळ गोळ्या नाकारणे पुरेसे नाही. थकलेल्या आईबापांना ही अट जाचक वाटते आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मालमत्तेच्या वादातून किंवा नकोशा झालेल्या पत्नीला ‘वेडी’ ठरवून कोंडण्याचा मार्गही याच अटीमुळे अरुंद होतो.

ही मुदत कमाल ३० दिवसांची. दर सात दिवसांनी रुग्णाची निर्णयक्षमता पुन्हा तपासायची असते. ती परतली, की पुढे राहायचे की नाही हे त्यानेच ठरवायचे. दाखल केल्याची माहिती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत, स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असल्यास तीन दिवसांत, कळवावी लागते. रुग्ण मंडळाकडे दाद मागू शकतो. तीस दिवसांनंतरही ठेवायचे झाल्यास दोन मनोविकारतज्ज्ञांची तपासणी व मंडळाची परवानगी लागते.

प्रतिनिधी नेमण्यासाठी स्टॅम्पपेपर लागत नाही. साध्या कागदावर सही किंवा अंगठा पुरतो. आजार ओसरलेला असताना हा कागद करून ठेवणे शहाणपणाचे. पुढच्या झटक्यात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, याचे आगाऊ निर्देशही लिहून ठेवता येतात. घरोघरी मृत्युपत्राची चर्चा होते, याची मात्र सहसा होत नाही.

लोणावळ्यासारख्या मोठ्या स्थानकावर भरकटत उतरलेल्या माणसाचे काय? अशा व्यक्तीला संरक्षणाखाली घेतल्यास पोलिसांनी २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत तपासणीसाठी न्यायचे असते. कोठडीत ठेवण्यास मनाई आहे. बेघर असल्यास हरवल्याची नोंद करून कुटुंबाचा शोध घेणे हेही पोलीस ठाण्याचेच काम. बोरघाट उतरल्यावर कर्जतला असलेली डॉ. भरत वाटवानी यांची ‘श्रद्धा’ ही संस्था रस्त्यावरील मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवते. या कार्यासाठी डॉ. वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

बरे झालेल्याला घरचे न्यायला आले नाहीत, एवढ्याच कारणावरून त्याला रुग्णालयात ठेवता येत नाही, हेही कायद्यात स्पष्ट आहे. त्याच्या निवासाची सोय समाजात, रुग्णालयाबाहेर करणे ही शासनाची जबाबदारी ठरते.